सुताराचे घड्याळ

पावसाळा लागला की आमच्या कोकणातल्या घराचे मागचे दार लागत नसे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते फुगून चौकटीत अडकायचे. मग आजोबा सुताराला बोलावून कडेवरून रंधा फिरवून घेत. दिवाळीनंतर तेच दार आकसून इतके सैल होई की फटीतून अंगणातल्या तुळशीपुढचा दिवा दिसे. लाकूड कापले, तासले, पॉलिश केले तरी त्याचे हवेतला ओलावा पिणे काही थांबत नाही. अशा लहरी वस्तूपासून कोणी वेळ मोजणारे यंत्र करील का? नुसती बाहेरची पेटी नव्हे. आतली चाके, चाकांचे दाते, दात्यांचा आस, सगळेच लाकडाचे?

इंग्लंडातल्या एका खेडेगावच्या सुताराने तसे केले. त्याचे नाव जॉन हॅरिसन. त्याने १७१३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, आपले पहिले उंच घड्याळ पुरे केले आणि त्यावर आपले नाव घातले. घड्याळजी म्हणून त्याने कोणाच्या हाताखाली उमेदवारी केल्याचा दाखला नाही. बाप सुतार, म्हणून मुलगा सुतार. करवत, रंधा आणि पटाशी ही त्याची शाळा.

या उंच घड्याळांना इंग्रजीत आज 'ग्रँडफादर क्लॉक' म्हणतात, पण ते नाव फार अलीकडचे. हेन्री क्ले वर्क नावाच्या अमेरिकन गीतकाराने १८७६ साली आजोबांच्या घड्याळावर एक गाणे केले, ते तुफान लोकप्रिय झाले आणि आजोबा घड्याळाला कायमचे चिकटले. मूळचे नाव 'लाँगकेस', म्हणजे लांब पेटीचे घड्याळ. ही पेटी लांब का, याचे उत्तर लंबकात आहे. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ बनवले, आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रज कारागिरांनी लंबकाचा झोका अरुंद करण्याची युक्ती काढली. झोका अरुंद झाल्यावर लंबक लांब ठेवता येऊ लागला. एका बाजूकडून दुसरीकडे जायला नेमका एक सेकंद घेणारा लंबक सुमारे ९९ सेंटिमीटर लांब असतो. तो लंबक आणि दोरीला टांगलेली, हळूहळू खाली उतरणारी वजने मावतील अशी पेटी केली की ती माणसाएवढी उंच होणारच. आपल्याकडच्या जुन्या पारशी घरांतून आणि संस्थानिकांच्या राजवाड्यांतून अशी घड्याळे कोपऱ्यात उभी असलेली अनेकांनी पाहिली असतील. लहानपणी मला त्यांची भीती वाटे. कोणीतरी वडीलधारे माणूस न बोलता उभे आहे असे वाटायचे.

हॅरिसनचा जन्म १६९३ चा, यॉर्कशायरमधल्या फाउल्बी गावचा. तो लहान असतानाच कुटुंब हंबर नदीच्या दक्षिणेला बॅरो या गावी गेले. गावच्या चर्चमधल्या घंटांचा आणि गाण्याचा त्याला नाद होता. केंब्रिजचे अंध गणिती निकोलस साँडरसन यांच्या व्याख्यानांची एक हस्तलिखित प्रत एका धर्मोपदेशकाने त्याला वाचायला दिली, तेव्हा त्याने ती आकृत्यांसकट हाताने उतरून काढली. ज्याला पुस्तक विकत घेता येत नाही तो ते असे आपलेसे करतो. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या उतरवणाऱ्यांना हे सांगायला नको.

त्याने केलेली सुरुवातीची तीन लाकडी घड्याळे आज शाबूत आहेत: १७१३, १७१५ आणि १७१७ सालची. पहिली दोन लंडनच्या सायन्स म्युझियमच्या इमारतीत आहेत. त्यांतले पहिले घड्याळजींच्या जुन्या संघाच्या संग्रहातले, आणि हा संग्रह २०१५ पासून तिथे मांडला आहे. तिसरे यॉर्कशायरच्या नॉस्टेल प्रायरी या हवेलीत आहे, त्याच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर.

लाकडी चाकांची घड्याळे करणारा हॅरिसन एकटाच नव्हता, हे आधी सांगून टाकायला हवे. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शेतकरी अशी घड्याळे करून विकत आणि पुढे अमेरिकेतही ती हजारोंनी झाली. पण ती स्वस्तातली घड्याळे होती; पितळ परवडत नाही म्हणून लाकूड. हॅरिसनची गोष्ट वेगळी आहे. त्यानेही लाकूड घेतले ते हाताला तेच ठाऊक होते म्हणून. मात्र ते वापरताना त्याने कमीपणा मानला नाही. लाकडाला काय जमते आणि काय जमत नाही, याचा त्याने शेवटपर्यंत पाठपुरावा केला.

चाकाचेच पाहा. फळीतून एक गोल चकती कापली आणि तिच्या कडेला दाते पाडले, तर काय होईल? लाकडाचे तंतू फळीत एकाच दिशेने धावतात. चकतीच्या दोन टोकांचे दाते तंतूंच्या दिशेने उभे राहतील, ते मजबूत. उरलेल्या दोन बाजूंच्या दात्यांत मात्र तंतू आडवे येतील, आणि असा दाता जरासा जोर पडताच बिस्किटासारखा तुटेल. लाकूड फोडणाऱ्या कोणालाही हे माहीत असते: कुऱ्हाड रेषेत घातली तर ओंडका एका घावात दुभंगतो. हॅरिसनने चकतीच्या कडेला सगळीकडून खाच पाडली आणि तिच्यात ओकच्या लाकडाचे छोटे छोटे तुकडे बसवले. एकेका तुकड्यात थोडेसेच दाते, आणि प्रत्येक तुकड्याचे तंतू मध्यापासून बाहेरच्या दिशेने, सूर्यकिरणांसारखे. त्यामुळे चाकावरचा एकही दाता आडव्या तंतूंचा राहिला नाही.

लाकूड निवडतानाही त्याची नजर अशीच होती. ओकच्या खोडात दर वर्षी दोन थर वाढतात. वसंतातला थर भोकाभोकांचा आणि हलका, उन्हाळ्यातला दाट आणि कणखर. झाड भराभर वाढलेले असेल तर दाट थराचे प्रमाण जास्त पडते. हॅरिसनने चाकांसाठी असेच वेगाने वाढलेल्या ओकचे लाकूड वापरले. आससाठी त्याने बॉक्सवुड घेतले, जे घट्ट, गुळगुळीत आणि कातायला सोपे असते. जिथे टोके फिरतात आणि झीज होते, तेवढ्याच ठिकाणी पितळ आणि पोलाद आले.

त्याच्या घड्याळाच्या पेटीच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला असे. पंचांग पाहणाऱ्या वाचकांना तो लगेच ओळखता येईल. आपले पंचांगकर्ते ज्याला वेलांतर म्हणतात त्याचेच ते कोष्टक. सूर्यघटिका आणि यांत्रिक घड्याळ वर्षभर एकच वेळ दाखवत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १४ मिनिटे मागे. गावात वेळ लावायची तर सूर्यघटिकेशिवाय दुसरे साधन नव्हते. मग अंगणात छाया पाहायची, दार उघडून आजच्या तारखेचा आकडा वाचायचा, मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची आणि काटा लावायचा. घड्याळ विकणारा गिऱ्हाइकाच्या हाती ते बरोबर ठेवण्याची रीतही देत होता.

साधारण १७२० च्या सुमारास त्याला मोठे काम मिळाले. सर चार्ल्स पेलहॅम नावाचे जमीनदार ब्रॉकल्सबी पार्क येथे नवा तबेला बांधत होते, त्याच्या मनोऱ्यासाठी त्यांना घड्याळ हवे होते. इथे हॅरिसनच्या पुढे लाकडाचा प्रश्न नव्हता. खरा शत्रू होता तेल.

आज आपल्याला याची कल्पना येत नाही. त्या काळचे वंगण म्हणजे प्राण्यांची चरबी किंवा वनस्पतीचे तेल. थंडीत ते घट्ट होई, उन्हाळ्यात पातळ होऊन वाहून जाई आणि वर्षभरात धूळ धरून चिकट राळ बनून बसे. शिवणयंत्रात खोबरेल घातल्यावर काय होते, हे ज्या घरात एकदा घडले आहे तिथे पुन्हा सांगावे लागत नाही. घड्याळ उत्तम असले तरी तेल बिघडले की तेही बिघडे. हॅरिसनने यावर उत्तर काढले ते सुताराचे: तेल लागणारच नाही असे घड्याळ करायचे.

लिग्नम व्हायटी नावाचे एक लाकूड कॅरेबियन बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेत होते. ते इतके जड की पाण्यात टाकले तर बुडते; आणि त्याच्या अंगातच एक तेलकट चीक असतो, जो घासले की पाझरतो. पुढे आगबोटींच्या पंख्यांचे दांडे याच लाकडाच्या बेअरिंगमध्ये फिरू लागले. हॅरिसनने घड्याळाच्या फिरत्या टोकांसाठी या लाकडाचे बुश केले. ज्या यंत्राला बाहेरून तेल घालावे लागे, त्याला आता लाकूडच आतून वंगण पुरवू लागले.

तरी एक जागा उरलीच, आणि ती सगळ्यांत नाजूक. घड्याळ चालते ते वजनाच्या ओढीने, पण ती ओढ मोकळी सोडली तर चाके भर्रकन फिरून वजन मिनिटभरात खाली येईल. म्हणून प्रत्येक झोक्याला चाकाचा एक दाता अडवायचा, मग सोडायचा, आणि सोडताना लंबकाला हलकासा धक्का द्यायचा. घड्याळाची टिकटिक म्हणजे याच अडवण्या-सोडण्याचा आवाज. हे काम करणाऱ्या भागाला एस्केपमेंट म्हणतात. नेहमीच्या एस्केपमेंटमध्ये दाता पोलादाच्या तुकड्यावरून घासत सरकतो, त्यामुळे तेल आलेच. ब्रॉकल्सबीच्या घड्याळात हॅरिसनने आधी तेच बसवले. ते अडू लागले आणि दुरुस्तीसाठी त्याला पुन्हा पुन्हा तिकडे जावे लागे. या हेलपाट्यांना कंटाळूनच त्याने नवी रचना शोधली. तिच्यात दोन सांधेदार पाय आहेत. एक पाय दात्याला टेकतो, त्याच्याबरोबर थोडा चालतो आणि दुसरा पाय टेकताच टुणकन उडून बाजूला होतो. घासणे नाहीच. पुढे लोकांनी या रचनेला नाव दिले 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा. ते चालताना पाहिले तर दुसरे नाव सुचत नाही.

यानंतर जॉन आणि त्याचा धाकटा भाऊ जेम्स यांनी मिळून १७२५ ते १७२८ या काळात जी उंच घड्याळे केली, ती माझ्या मते या माणसाची खरी कमाल. पुढे त्याला कीर्ती मिळाली ती दर्यावर्दी घड्याळांमुळे, पण बॅरोसारख्या खेड्यात दोन सुतार भावांनी जे साधले त्याला तोड नाही.

आता त्यांना लंबकाशी झगडायचे होते. धातू तापला की लांबतो. लंबक १ मिलिमीटरने लांबला तर घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद मागे पडते. पोलादी दांडीचा लंबक तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले तर दिवसाला अर्धा सेकंद हरवतो. म्हणजे हिवाळ्यातून उन्हाळ्यात येताना पाच-सात सेकंद रोजचे गेले. हॅरिसनने पोलाद आणि पितळ यांची जोडी लावली. पितळ पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. त्याने पोलादाच्या पाच आणि पितळेच्या चार अशा नऊ दांड्या शेजारी शेजारी जाळीसारख्या उभ्या केल्या आणि त्या अशा जोडल्या की पोलाद लांबले तर लंबकाचा गोळा खाली जावा आणि पितळ लांबले तर वर उचलला जावा. दोघांची ओढाताण समसमान झाली की गोळा जागच्या जागी. जुळे भाऊ वादात अडकवून ठेवले की घर शांत राहते, त्यातलाच प्रकार!

हे जमले की नाही, हे पाहण्यासाठी भावांनी दोन घड्याळे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली. एक खोली गरम, एक थंड. दोन्हींची वेळ एकमेकांशी ताडून ते दांड्यांचे प्रमाण बदलत. पण दोन्ही घड्याळे मिळून चुकत असतील तर? त्यासाठी तिसरा साक्षीदार हवा. वेधशाळा नाही, दुर्बीण नाही. हॅरिसनने आपल्या खिडकीच्या चौकटीची कड आणि शेजाऱ्याचे धुराडे अशी एक रेषा धरली. रात्री एखादा ठरावीक तारा त्या धुराड्यामागे ज्या क्षणी नाहीसा होई, तो क्षण घड्याळावर टिपायचा. तोच तारा दुसऱ्या रात्री ३ मिनिटे ५६ सेकंद आधी नाहीसा व्हायला हवा. आकाशाच्या या हिशेबात चूक होत नाही. घड्याळ तेवढाच फरक दाखवते का, हे पाहायचे. अशा रात्रींमागून रात्री जागून त्याने निष्कर्ष काढला की घड्याळाची चूक महिन्याला एका सेकंदापेक्षा अधिक नाही. लिंकनशायरच्या थंडीत खिडकी उघडी ठेवून आकडे मोजणाऱ्या त्या भावांना शेजाऱ्याने काय म्हटले असेल कोण जाणे.

एवढ्या अचूक घड्याळाची खेड्यात गरज कोणाला होती? गरज समुद्रावर होती. जहाज उत्तरेला किती आहे हे सूर्य आणि ध्रुवतारा सांगतात, पण पूर्व-पश्चिमेला किती हे कळायला दोन ठिकाणच्या वेळांतला फरक लागतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे १ अंश रेखांश म्हणजे ४ मिनिटे. निघाल्या बंदराची वेळ जहाजावर सांभाळता आली की झाले. ती सांभाळता येत नव्हती आणि अंदाजाने जहाजे हाकारली जात होती. १७०७ साली सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराची चार जहाजे फुटून शेकडो खलाशी बुडाले. १७१४ साली पार्लमेंटने अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंडांचे बक्षीस लावले.

आपल्या रोजच्या जगण्याला या हिशेबाने कसा स्पर्श केला होता, हे मुंबईच्या जुन्या मंडळींना माहीत असेल. मुंबईचा सूर्य ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे आधी माथ्यावर येतो, आणि शहर त्याच 'मुंबई टाइम'वर चालत असे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटांची आढी १९५५ पर्यंत सोडली नाही. लग्नपत्रिकेत कुठली वेळ लिहायची यावरून घरात खल होई असे जुन्या माणसांकडून ऐकले आहे.

हॅरिसन १७३० च्या सुमारास लंडनला गेला. राजज्योतिषी एडमंड हॅली यांनी त्याला जॉर्ज ग्रॅहम या नामवंत घड्याळजीकडे पाठवले. सकाळी दहाला सुरू झालेले दोघांचे बोलणे रात्री आठपर्यंत चालले, आणि निघताना ग्रॅहमने व्याज आणि तारण न मागता त्याला पैसे दिले. त्यातून झालेले पहिले दर्यावर्दी घड्याळ सुमारे ३४ किलो वजनाचे होते, आणि गंमत म्हणजे त्याचीही चाके ओकच्या लाकडाचीच होती, नाकतोडा एस्केपमेंटही तेच. ते १७३६ साली लिस्बनला जाऊन आले. पुढची कहाणी लांब आहे. दुसरे घड्याळ, मग एकोणीस वर्षे खाल्लेले तिसरे. आणि अखेर १७५९ साली पुरे झालेले चौथे, जेमतेम १३ सेंटिमीटर व्यासाचे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे. १७६१-६२ मध्ये त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला गेला. ८१ दिवसांत ते ५ सेकंद मागे पडले. तरीही मंडळाने बक्षीस अडवले. चंद्राच्या गतीवरून रेखांश काढण्याचा पक्ष धरणारे ज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांच्याशी त्याचा झगडा वर्षानुवर्षे चालला. १७६५ साली अर्धी रक्कम मिळाली. उरलेल्यासाठी म्हातारा राजा तिसरा जॉर्ज याच्यापर्यंत गेला. राजाने १७७२ साली क्यू येथे त्याचे पाचवे घड्याळ स्वतः तपासले, आणि १७७३ साली पार्लमेंटने ८,७५० पौंड मंजूर केले. तो ऐंशी वर्षांचा झाला होता.

तिसऱ्या घड्याळासाठी त्याने पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींना रिवेटने जोडून एक पट्टी केली होती. तापली की ती वाकते. तीच द्विधातू पट्टी आपल्या घरातल्या इस्त्रीत बसलेली असते आणि कपडा जळण्याआधी वीज तोडते. वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये २००६ साली त्याचे स्मारक बसवले, तेव्हा त्या फरशीवरही अशीच दोन धातूंची रेघ घातली आहे, त्या जागेचे रेखांश दाखवणारी.

दर्यावर्दी घड्याळांच्या या गदारोळात उंच घड्याळाचे वेड त्याने सोडले नव्हते. १७७५ साली, ब्याऐंशी वर्षांचा असताना, त्याने एक पुस्तक छापले. भाषा विलक्षण किचकट, वाक्ये पान पान लांबीची, आणि जागोजाग जुन्या विरोधकांवर राग. त्यात त्याने लिहिले की आपल्या पद्धतीचे लंबकाचे घड्याळ १०० दिवसांत १ सेकंदापर्यंत बरोबर राहू शकेल. लोक हसले, म्हातारपणाची बडबड म्हणून समीक्षकांनी ते उडवून लावले. तज्ज्ञांना पटेना कारण सगळे त्यांच्या शिकवणीच्या उलट होते. ते म्हणत, लंबकाचा गोळा जड हवा आणि झोका लहान. हा म्हणत होता, गोळा हलका ठेवा आणि झोका मोठा द्या. पुढच्याच वर्षी, २४ मार्च १७७६ ला, तो लंडनमध्ये वारला.

विसाव्या शतकात मार्टिन बर्जेस या इंग्रज कारागिराने ते किचकट पुस्तक गंभीरपणे वाचले आणि १९७०च्या दशकात त्यातल्या तत्त्वांवर दोन घड्याळे करायला घेतली. साहित्यात काही नवे मिश्रधातू होते, पण नाकतोडा, मोठा झोका आणि प्रमाणे हॅरिसनची. त्यांतले दुसरे, 'क्लॉक बी', लंडनच्या चार्ल्स फ्रॉडशॅम या घड्याळजींनी पुरे केले. २०१५ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत ते पारदर्शक पेटीत मोहोरबंद करून १०० दिवस चालवले, कोणी हात लावू नये म्हणून. शंभराव्या दिवशी हिशेब केला तेव्हा चूक निघाली एका सेकंदाचा पाच-अष्टमांश.

ग्रिनिचमध्ये आज पहिली चार दर्यावर्दी घड्याळे काचेमागे आहेत आणि त्यांच्यापुढे गर्दी असते. ब्रॉकल्सबीच्या तबेल्यावरच्या मनोऱ्यात मात्र बघ्यांची वर्दळ नाही. तिथले लाकडी घड्याळ तीनशे वर्षे झाली, मधल्या डागडुजीपुरते थांबून, अजून चालते आहे. त्याला तेल घालत नाहीत.